फौजेतल्या माणसाची गोष्ट कशी सांगावी

शिवजयंतीच्या आगेमागे आमच्या गडहिंग्लज भागात कथाकथनाच्या स्पर्धा असतात. नेसरी याच तालुक्यातली, त्यामुळं चौदा पोरं स्टेजवर आली तर त्यातली नऊ-दहा प्रतापराव गुजरांचीच गोष्ट सांगणार, हे ठरलेलं. शिवाजी महाराजांचे हे सेनापती महाराजांचं पत्र आल्यावर सहा जणांसह नेसरीच्या खिंडीत शत्रूवर चालून गेले आणि पडले, ती गोष्ट. सुरुवात एकच: जिभेनं टाळूवर टकटक करून घोड्यांच्या टापा. शेवटही एकच: मूठ वर, घोषणा, टाळ्या. मधली पाच-सहा मिनिटं नुसत्या तलवारी. मी एकोणतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं ही गोष्ट मीसुद्धा अशीच बसवून घेतली. टापांचा आवाज मीच शिकवायचे, कबूल करते.

एका वर्षी तालमीत सहावीतली एक मुलगी मधेच थांबली. म्हणाली, "बाई, पत्र तर प्रतापरावांना आलेलं. मग बाकीचे सहा जण का गेले?"

मी "निष्ठा गं" असं काहीतरी म्हणाले. तिनं मान डोलावली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. संध्याकाळी चूल आवरताना माझ्या लक्षात आलं की मलाही पटलेलं नाही.

तेव्हापासून गोष्ट बसवायची माझी रीत बदलली. पोरांची तयारी करून घेणारे शिक्षक, जयंतीला चार शब्द बोलायला उभे राहणारे, आणि ज्यांच्या घरात फौजेतून आलेलं माणूस आहे असे सगळे, यांच्यासाठी ती इथं लिहिते.

आधी हुकूम शोधा

कोऱ्या पानावर चार गोष्टी लिहा. हुकूम कुणी दिला, कुणाला दिला, शब्द काय होते, आणि तो मोडला तर काय होणार होतं. हे लिहून झाल्याशिवाय पोराला उभं करायचं नाही. निम्म्या गोष्टी इथंच फसतात, कारण सांगणाऱ्यालाच माहीत नसतं की माणूस नेमका कशात अडकलाय.

नेसरीचंच घेऊ. प्रतापराव म्हणजे मूळचे कुडतोजी गुजर, खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचे. नेताजी पालकरांनंतर ते सरनोबत, म्हणजे सेनापती, झाले. १६७२ साली साल्हेरला मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, त्यात मोरोपंत पिंगळ्यांच्या बरोबरीनं हे होते. एवढं एक वाक्य तरी सुरुवातीला यायलाच हवं. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, रागाच्या भरात घोडा फेकणारा कुणी पोरसवदा गडी होता. हजारोंची फौज हाकायला येणारा माणूस होता तो, आणि म्हणूनच पुढचं कोडं अवघड आहे.

मार्च १६७३मध्ये कोंडाजी फर्जंदांनी ६० माणसं घेऊन पन्हाळा मारला. विजापूरकर चवताळले आणि त्यांनी बहलोलखानाला पाठवलं. त्याला अडवायचं काम प्रतापरावांकडं आलं. एप्रिलमध्ये जतजवळ उमराणीला त्यांनी खानाची फौज गाठली आणि तिचं पाणी तोडलं.

इथं थांबा. पोरं इथून पळतात, कारण त्यांना खिंडीत पोचायची घाई असते. माझं मत विचाराल तर गोष्टीचा सगळा जीव या पाण्यात आहे.

आमच्या शाळेत जतकडची एक मुलगी होती, वडिलांच्या बदलीमुळं आलेली. तिला म्हटलं, "उन्हाळ्यात टँकर येतो, तेव्हाचं सांग बघू." ती म्हणाली, "बाई, टँकरचा आवाज यायच्या आधीच कळशा रांगेत असतात. माणसं सावलीत आणि कळशा उन्हात उभ्या." वर्ग एकदम चिडीचूप झाला. मग मी विचारलं, आता याच उन्हात एक अख्खी फौज आहे, घोडी आहेत, ओझ्याचे बैल आहेत, आणि पाण्याच्या वाटेवर प्रतापरावांची माणसं तलवारी घेऊन उभी आहेत. खान म्हणतो, वाट द्या, आम्ही जातो. तुम्ही काय कराल? अर्धा वर्ग म्हणाला सोडायचं, अर्धा म्हणाला नाही सोडायचं. एक पोरगा म्हणाला, "घोड्यांना तेवढं पाणी द्यायचं, बाई."

प्रतापरावांनी खानाला जाऊ दिलं.

महाराजांना हे रुचलं नाही. सभासदाच्या बखरीत त्यांचा सवाल अगदी आटोपशीर आहे: सला काय निमित्त केला? सला म्हणजे तह. हे वाक्य पोरांना ओरडून म्हणायला लावू नका. हळू म्हटलं की जास्त लागतं.

खान फिरून आलाच. १६७४च्या सुरुवातीला तो पुन्हा मुलुखात शिरला, तेव्हा इकडं रायगडावर राज्याभिषेक तोंडावर आला होता. महाराजांचं पत्र गेलं. त्याचा मतलब असा, की याला बुडवून फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका.

आता पानावरच्या चार गोष्टी भरा. हुकूम दिला राजानं. कुणाला, तर सरनोबताला. शब्द, फत्ते करा. आणि मोडला तर? पद काढून घेईन असं नाही, कैदेत टाकीन असंही नाही. तोंड दाखवू नका, एवढंच. शिक्षाच अब्रूची आहे. ज्या हुकुमात फौजेचं काम आणि माणसाची लाज एकाच दोऱ्यानं शिवलेली असते, तो हुकूम पाळायला सगळ्यात वाईट. माणसाला मग कळत नाही, आपण लढाई जिंकायला निघालोय की तोंड धुवायला.

दुसऱ्या पानावर लाज

दुसरं पान घ्या आणि लिहा: हा माणूस हुकमाशिवाय आणखी काय गमावणार होता?

या पानावर मी काही शब्दांना बंदी घातली आहे. कर्तव्य, बलिदान, धर्मसंकट, हौतात्म्य. शब्द वाईट नाहीत, पण ते आले की पोरगं विचार करायचं थांबतं. त्याऐवजी बोलीतले शब्द घ्या: शब्द दिला होता, मीठ खाल्लं होतं, कुणाच्या तोंडाला तोंड देणार होता, गावात काय म्हणतील. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९६३ला बेळगावात भरती आणि अठरा वर्षांनी हवालदार म्हणून घरी. त्यांच्या पलटणीत तीन शब्द चालायचे: नाम, नमक, निशान. ते म्हणायचे, "निशान पलटणीचं, नमक सरकारचं. नाम तेवढं आपलं आपल्याला सांभाळावं लागतंय."

प्रतापरावांच्या पानावर काय येईल? त्यांनी तहानलेल्या शत्रूवर दया केली, ही त्यांच्या मनानं दिलेली चाल होती. खान उलटल्यावर तीच दया गुन्हा ठरली. म्हणजे एकाच वेळी खानानं फसवलं आणि धन्यानं बोल लावला. पोरांना हे चटकन कळतं. तुम्ही वर्गातल्या मुलाला तुमची वही दिलीत, त्यानं ती हरवली, आणि बाई तुम्हालाच रागावल्या, एवढं सांगितलं तरी पुरतं.

मग २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्रीचा दिवस, नेसरीची खिंड. ते थोडक्या माणसांनिशी खानावर चालून गेले आणि पडले. हे दोन-तीन वाक्यांत सांगा. तलवारीचं वर्णन सगळ्यांना येतं, ऐकणारे ते आपल्या आपण करतात.

वडिलांना मी एकदा सरळ विचारलं होतं, की नाना, प्रतापरावांनी केलं ते बरोबर का? मला वाटलं, छाती फुगवून होय म्हणतील. ते जनावरांना पेंड घालत होते. म्हणाले, "कमांडर एकटा पुढं गेला तर मागच्या पोरांनी काय करायचं? त्यास्नी हुकूम कोण देणार?" थोड्या वेळानं पेंडीचं घमेलं खाली ठेवून म्हणाले, "पर ते पत्र मला आलं असतं तर मीबी गेलो असतो." दोन्ही वाक्यं त्यांना मनापासून म्हणायची होती. गोष्ट सांगणाऱ्यानं यातलं एकच उचललं तर गोष्ट लंगडी होते. पहिलंच घेतलं तर प्रतापराव मूर्ख ठरतात, दुसरंच घेतलं तर त्यांचं नुसतं कॅलेंडरवरचं चित्र होतं.

मागच्या पोरांचं काय झालं, तेही सांगून टाका. फौजेतले सरदार आनंदराव यांनी फौज सावरली आणि विजापूरकरांच्या मुलुखात शिरून संपगावची पेठ लुटली. पुढं हंबीरराव मोहिते सरनोबत झाले. ६ जूनला राज्याभिषेक झाला, नेसरीनंतर साडेतीन महिन्यांच्या आत.

लिहिलेलं वेगळं, सांगितलेलं वेगळं

इथं बरेच जण माझ्यावर चिडतात, पण सांगते. त्या काळातल्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात अशी खबर आहे की महाराजांचा सरनोबत दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत सहा स्वारांसह मारला गेला आणि बाकीची फौज मदतीला पोचली नाही. सभासद मात्र मोठं युद्ध झालं म्हणतो. सहा जणांची जी नावं आपण शाळेत घोकतो, ती परंपरेनं आलेली आहेत. तेव्हा नावं घ्या, जरूर घ्या, पण "अशी नावं सांगितली जातात" हे चार शब्द पुढं जोडा. पोरांना वाटतं त्यानं गोष्ट पातळ होईल. उलट परीक्षकांचे कान टवकारतात, मी स्वतः परीक्षक म्हणून बसलेली आहे.

आणि त्या मुलीचा प्रश्न: सहा जण का गेले? मी आता त्याचं उत्तर देत नाही, पोरांनाच तो गोष्टीत विचारायला लावते. पत्र एकाला आलं होतं. तोंड दाखवायची बंदी एकाला होती. बाकीच्यांना लगाम ओढून मागं थांबता आलं असतं आणि त्यांना कुणी नावं ठेवली नसती. किंवा ठेवली असती. हे एवढं म्हणून पोरानं दोन श्वास थांबायचं. दोन म्हणजे दोनच. तिसऱ्या श्वासाला लोकांना वाटतं पोरगं विसरलं, आणि आई खालून ओठ हलवायला लागते.

उलटी गोष्टही तयार ठेवा

एकच गोष्ट बसवली की पोराला वाटतं, हुकमासाठी मरणं म्हणजेच फौज. म्हणून मी जोडीनं दुसरी बसवते, जिच्यात हुकूम नाकारला गेला.

२३ एप्रिल १९३०, पेशावरचा किस्साख्वानी बाजार. खुदाई खिदमतगारांच्या, म्हणजे सरहद्द गांधींच्या अहिंसक चळवळीतल्या माणसांच्या अटकेवरून लोक रस्त्यावर आलेले, हातात शस्त्र नाही. समोर इंग्रजांच्या फौजेतली रॉयल गढवाल रायफल्सची पलटण. गोळी चालवायचा हुकूम झाला आणि हवालदार चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सोबतच्या जवानांनी गोळी चालवली नाही. कोर्ट मार्शल झालं. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, ते सुटले १९४१ साली. त्या दिवशी त्या बाजारात दुसऱ्या तुकड्यांच्या गोळ्यांनी माणसं मेलीच, हे लपवू नका. त्यांच्या नकारानं कत्तल टळली असं सांगितलं तर ते खोटं होईल, आणि गोष्टीतलं कडू सत्यही जाईल.

हिच्यासाठीही चार गोष्टींचं तेच पान भरा. हुकूम मोडला तर काय होणार, हे इथं पक्कं ठाऊक होतं. नेसरीत हुकमानं अब्रू मागितली, पेशावरात अब्रूनं हुकूम मोडायला लावला. पोरांपुढं दोन्ही पानं शेजारी ठेवली की वाद आपोआप सुरू होतो, तुम्हाला काही करावं लागत नाही.

ही गोष्ट मी पहिल्यांदा घरीच म्हणून बघितली होती, वडिलांसमोर. मला शाबासकीची आशा होती. ते म्हणाले, "हुकूम मोडणं बरं न्हवं." नंतर जेवताना, कुणी विचारलेलं नसताना, "निहत्त्या माणसावर..." एवढंच म्हणाले आणि भाकरी मोडली.

वर्गात वेळ असेल तर महाभारतातले दोन भाऊ घ्या. विकर्ण आणि युयुत्सू, दोघेही धृतराष्ट्राचेच मुलगे. द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा भावांपैकी विकर्ण एकटा उठून बोलला, आणि तरी युद्धात तो कौरवांकडूनच लढला आणि भीमाच्या हातून मेला. युयुत्सू युद्ध सुरू व्हायच्या घटकेला, युधिष्ठिरानं हाक दिल्यावर, रांग ओलांडून पांडवांकडं गेला. वर्गाचे दोन गट करा, एकाला विकर्ण द्या, एकाला युयुत्सू, आणि दोघांनी आईला, म्हणजे गांधारीला, काय सांगितलं असेल ते लिहायला सांगा. युयुत्सूची आई गांधारी नाही, दासी आहे, हे हुशार पोरं लगेच काढतात. मग तर आणखीच मजा: दासीपुत्रानं बाजू बदलली याला घरात काय म्हटलं गेलं असेल?

घरातली गोष्ट

आमच्या पट्ट्यात, चंदगड, आजरा, गडहिंग्लज, गल्लीगणिक एक तरी पेन्शनर फौजी सापडेल. त्यांची गोष्ट स्टेजवरच्या गोष्टीपेक्षा अवघड, कारण ती अजून कुणी लिहिलेली नाही आणि सांगणारा समोर जिवंत बसलेला असतो. तेव्हा जरा रीतीनं.

पंधरा ऑगस्टला किंवा सव्वीस जानेवारीला विचारायला जाऊ नका. त्या दिवशी छातीवर पदकं असतात आणि पदकं लावून माणूस भाषणच करतो. जा एखाद्या बिनकामाच्या दुपारी, चार वाजता, चहाच्या वेळी. मोबाइल रेकॉर्डिंगला लावायचा तर तोंडावर विचारून लावा आणि "बंद कर" म्हटलं की खरोखर बंद करा. एकदा विश्वास गेला की ते परत फक्त हवापाण्यावर बोलतील.

पहिला प्रश्न "किती मारले?" हा असू नये. पोरं हमखास हाच विचारतात. माझ्या वडिलांना एका पाहुण्यांच्या पोरानं विचारला, तर ते उठून गोठ्यात गेले. विचारायचं ते असं: पायात काय होतं? लंगरात काय शिजायचं? पत्र किती दिवसांनी यायचं? रात्री पहाऱ्याला झोप आली तर काय करायचात? या बारक्यासारक्या प्रश्नांतूनच माणूस हळूहळू त्या जागी जाऊन उभा राहतो. आणि मग कधीतरी एकच प्रश्न विचारायचा, एकदाच: "कधी असं झालं का, की हुकूम एक होता आणि मन दुसरं म्हणत होतं?" विचारून झालं की आपण गप्प. चहाचा कप उचलायचा, पण त्यांच्याकडं बघत राहायचं नाही.

स्वयंपाकघरातल्या बाईला विसरू नका. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग बहुतेक वेळा तिच्याकडं असतो. नवऱ्यानं जे वीस वर्षं सांगितलं नाही, ते तो झोपेत कधी बडबडला, हे तिला माहीत असतं. पलटण कुठं होती, कुणाचं नाव काय, हे सांगायची त्यांची इच्छा नसेल तर ते गाळा. गोष्टीचं काही बिघडत नाही.

माझ्या वडिलांची गोष्ट मला अशीच मिळाली, ते सत्तरीत असताना. मी आयुष्यभर समजत होते की त्यांच्या मनात १९७१ची तोफांची रात्र असेल. ती नव्हतीच.

ढाक्याच्या शरणागतीनंतर साधारण ९३,००० माणसं आपल्याकडं कैदेत आली आणि सगळी परत जायला १९७४ उजाडलं. त्यांच्या एका छावणीवर वडील काही महिने पहाऱ्याला होते. कैद्यांशी बोलायचं नाही, त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, त्यांना काही द्यायचं नाही, असा सक्त हुकूम. एका रात्री तारेपलीकडून एकानं घडी घातलेला कागद पुढं केला. वडिलांच्याच वयाचा, शिपाईच. म्हणाला, लखनौकडं मावशी आहे, तिच्या पत्त्यावर एवढं टाका. ती पुढं कळवेल. बायकोचे दिवस भरलेले होते, काय झालं ते समजलेलं नाही.

वडिलांनी कागद घेतला. सकाळी सुभेदार साहेबांकडं जमा केला. हुकूमच तसा होता. दुपारी त्या कैद्याला तिथून हलवलं, कुठं ते कळलं नाही. जाताना तो वडिलांकडं बघून हसला की नुसता बघत होता, हे त्यांना चाळीस वर्षांनंतरही सांगता येत नव्हतं.

"तुमचं काय चुकलं त्यात?" मी म्हटलं.

"काईच न्हाई," ते म्हणाले. "पर घ्यायलाच नको हुता गं मी तो कागद. न्हाई म्हटलं असतं तर त्यो दुसऱ्या कुणाला तरी देता. मी घेतला म्हंजी त्याला वाटलं काम झालं."

मी हे लिहून घेतलं, तेव्हा "म्हंजी त्याला वाटलं काम झालं" हे जसंच्या तसं ठेवलं. तुम्हीही असं करा. त्यांची भाषा पुस्तकी करू नका, त्यांच्या तोंडी "मला अपराधी वाटते" घालू नका. त्यांनी तो शब्द वापरला नव्हता. एक कागद हातात घेतला, एवढीच गोष्ट आहे. सांगायला तीन मिनिटं लागतात. मी ती एकदाच गावात सांगितली, त्यांच्या परवानगीनं, ते समोर बसलेले असताना. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पारावरचे दोन म्हातारे नंतर येऊन त्यांच्या शेजारी नुसते बसले.

उभं राहिल्यावर

बाकी बारीकसारीक आता पटापट सांगते.

स्पर्धेत बहुधा सात मिनिटं मिळतात, पोराकडून साडेपाचचीच तयारी करून घ्या. सुरुवात जन्मतारखेनं नको आणि टापांनी तर अजिबात नको. नेसरीची गोष्ट मी पत्र हातात आल्यापासून सुरू करते आणि तिथून मागं उमराणीला जाते. पोराला एक वस्तू द्या, खरी नव्हे, हातात धरल्यासारखी: पत्र, लगाम, कागदाची घडी. एकच. दुसरा हात मोकळा राहू दे. शत्रूसाठी शिव्या नकोत. बहलोलखान तहानेनं कासावीस झालेला ऐकणाऱ्याला दिसला नाही, तर प्रतापरावांनी त्याला का सोडलं हे कधीच कळणार नाही. महाराजांना रागीट आवाजात बोलवू नका. त्यांच्याजागी बसून बघा: राज्याभिषेक तोंडावर, आणि सोडून दिलेला शत्रू पुन्हा दारात. ते पत्र त्यांना लिहावंच लागलं असेल.

शेवट कुठं करायचा, यावर माझी आणि त्या सहावीतल्या मुलीची बरीच घासाघीस झाली. मला खिंडीपाशी थांबायचं होतं. तिनं वाचनालयातून काहीतरी हुडकून आणलं आणि म्हणाली, "बाई, हे बघा." स्पर्धेत तिनं तोच शेवट केला. हाताची मूठ वर नाही, आवाज वर नाही. सहा जणांचा प्रश्न विचारला, दोन श्वास थांबली आणि म्हणाली, "सहा वर्षांनी, मार्च १६८०मध्ये, महाराजांनी आपल्या धाकट्या मुलाचं, राजारामांचं लग्न लावलं. मुलगी होती जानकीबाई, प्रतापराव गुजरांची लेक." आणि नमस्कार करून खाली उतरली.

सभागृहाला कळलंच नाही की संपलं. टाळ्या उशिरा आल्या, त्याही तुटक. एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, पोरगी चांगली आहे, पण शेवट उचलला नाही." उत्तेजनार्थ मिळालं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती, मांडीवर प्रमाणपत्राची सुरळी. भडगावच्या आसपास म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी मी मागं राहिलेल्या फौजेतल्या एकाची गोष्ट सांगू का? प्रतापराव गेलेले त्यानं लांबनं बघितलं, असा एक?"

म्हटलं, "सांग की. पण आधी पानावर चार गोष्टी लिहून आण. हुकूम कुणी दिला, ते पहिलं."

ती जरा वेळ बाहेरच्या उसाकडं बघत बसली.

"त्याला तर कुणीच हुकूम दिला नाही, बाई. तोच तर घोळ आहे."